आधी गाडी उलटी करा

पुण्यात कुंभारवेशीजवळच्या जुन्या बाजारात मी बुधवारी जाते, रविवारी नाही. रविवारी एवढी रेटारेटी असते की हातातली वस्तू नीट बघायला उसंत मिळत नाही, आणि खेळण्यातली जुनी गाडी ही उसंतीनं बघायची वस्तू आहे. बुधवारी पोत्यावर मांडलेल्या कुलपांच्या आणि पान्यांच्या ढिगात एखादी गाडी दिसली, तर विक्रेताही दोन शब्द बोलायला मोकळा असतो. "ताई, इंग्लंडचा माल आहे, ओरिजिनल," हे वाक्य मी तिथे कितीदा ऐकलंय. आणि बऱ्याचदा ते खरं असतं. गाडी इंग्लंडचीच असते. पण इंग्लंडहून निघाल्यानंतर तिच्यावर कुणी काय केलंय, हे शोधायचं काम आपलं.

मी भोसरीत डाय कास्टिंगच्या कारखान्यात तपासणी खात्यात एकतीस वर्षं होते. दिवसभर हातात ओतीव जस्ताचे नि अ‍ॅल्युमिनियमचे भाग, शेजारी मापं घ्यायचा व्हर्निअर आणि भिंग. निवृत्त झाल्यावर दादाच्या लहानपणच्या गाड्या डालड्याच्या डब्यातून बाहेर काढल्या. १९६४ साली काकांनी विलायतेहून आणलेल्या, अकरा. त्यातली एक उलटी केली आणि तळाशी इजेक्टर पिनच्या, म्हणजे ओतलेला भाग साच्यातून बाहेर ढकलणाऱ्या खिळ्यांच्या, गोल खुणा दिसल्या. आमच्या मालावर असायच्या तशाच. तेव्हापासून हा छंद लागला. आता माझा भाचा आणि त्याचे दोन मित्र "मावशी, ही घेऊ का?" म्हणून फोटो पाठवतात. त्यांना तुकड्या-तुकड्यानं सांगत आले ते इथे एकत्र लिहिते आहे.

पहिली गोष्ट, गाडी हातात आली की आधी उलटी करा. वरचा रंग, दारावरचं चित्र, चकाकी हे सगळं नंतर. विकणारा गाडी नेहमी सुलटी धरून दाखवतो, कारण बदल करणाऱ्यानं सगळी मेहनत वरच घेतलेली असते. तळ सहसा कुणी सजवत नाही.

तळावरचा मजकूर वाचा. मॅचबॉक्सच्या जुन्या गाड्यांवर 'लेस्नी' हे नाव असतं. लेस्ली स्मिथ आणि रॉडनी स्मिथ या दोघांनी १९४७ साली लंडनमध्ये ही कंपनी काढली. आडनाव एक, पण नातं नाही. दोघांच्या नावांतून 'लेस्नी' झालं. पुढे त्यांना येऊन मिळालेल्या जॅक ओडेल यांनी आपल्या मुलीला शाळेत नेता यावा म्हणून काडेपेटीत मावेल एवढा रोडरोलर करून दिला, आणि १९५३ पासून त्या मापाच्या गाड्यांची मालिकाच सुरू झाली. १ ते ७५ असे क्रमांक. नवं मॉडेल आलं की जुन्याचा क्रमांक त्याला मिळायचा, म्हणून संग्राहक ५ए, ५बी, ५सी असं म्हणतात. १९८२ साली लेस्नीचं दिवाळं निघालं आणि उत्पादन पूर्वेकडे गेलं: मकाव, मग चीन, थायलंड. एवढं लक्षात ठेवलंत तरी तळ वाचून गाडीचा काळ ढोबळमानानं सांगता येतो.

हॉट व्हील्सच्या बाबतीत मात्र तळावरचं साल वाचून हुरळून जाऊ नका. भाच्याचा मित्र एकदा धावतपळत आला, "१९६९ ची आहे, बघा, लिहिलंय." तळावर १९६९ होतं, आणि त्याच्याच शेजारी 'मलेशिया'. ते साल त्या साच्याच्या हक्काचं असतं, गाडी कधी ओतली त्याचं नव्हे. एकच साचा वीस-पंचवीस वर्षं चालतो. हॉट व्हील्स सुरू झाल्या १९६८ साली, आणि पहिल्या वर्षांतल्या गाड्या हाँगकाँगच्या किंवा अमेरिकेच्या. चाकांवर लाल रेघ, खाली पॉलिश केलेला धातू आणि वर पारदर्शक झगमगीत रंग. १९७४ पासून त्यांनी रंगीत छपाई थेट बॉडीवर करायला सुरुवात केली. मऊ रबरी ठशानं शाई उचलून गाडीवर उमटवायची. तिला टॅम्पो म्हणतात. ती बोटाला लागत नाही, तिला कडही नसते. त्याच्या आधी होते कागदी स्टिकर. म्हणजे १९७० ची म्हणून दाखवलेल्या गाडीवर टॅम्पो असेल, तर तिथेच थांबा.

आता रिव्हेट. मॅचबॉक्सच्या बॉडीतून अंगचाच एक खुंटा खाली येतो, तो तळपत्र्याच्या भोकातून बाहेर काढून दाबून पसरवलेला असतो. कारखान्यात दाबलेल्या रिव्हेटची टोपी सारखी पसरलेली असते. गाडी उघडायची तर हा रिव्हेट ड्रिल करावाच लागतो, दुसरा मार्ग नाही. उघडून परत जोडली की तिथे बारीक स्क्रू दिसतो, नाहीतर चिकट पदार्थाचा फुगवटा, नाहीतर ड्रिलची गोल चकचकीत ओरखड. उघडलेली गाडी वाईट असं मी म्हणत नाही. पण उघडली असेल तर का उघडली, हे विचारायला हवं, आणि भावही त्याप्रमाणे उतरायला हवा.

मग आसाची टोकं बघा. सुरुवातीच्या गाड्यांमध्ये टोक चिमट्यात धरून चपटं केलेलं असायचं, पुढे गोल टोपीसारखं होऊ लागलं. चाकंही तशीच बदलत गेली: आधी धातूची, मग करड्या प्लॅस्टिकची, मग काळी. १९६९ पासून बारीक आसाची, वेगानं पळणारी सुपरफास्ट चाकं. चाकाचा प्रकार बदलला की किंमत बदलते, म्हणून आस वाकवून चाकं बदलण्याचे उद्योग होतात. एका टोकाला कारखान्याची सुबक टोपी आणि दुसऱ्या टोकाला पकडीच्या दातांचे ओरखडे, असं दिसलं की चाक बदललंय असं धरून चाला.

हे सगळं झालं की मग डेकल.

डेकल म्हणजे पाण्यात भिजवून कागदावरून सरकवायचं चित्र. आमच्या लहानपणी वहीच्या पुठ्ठ्यावर चिकटवायचो तसलं. हे मी शेवटी ठेवलं, कारण सगळ्यात स्वस्तात आणि सहज बदलता येणारी गोष्ट हीच. घरच्या प्रिंटरवर कुणीही छापू शकतो. आणि नेमकी याच्याचवरून किंमत दसपट होते.

चार वर्षांपूर्वी मी एका विक्रेत्याकडून निळी पिकफर्डस् व्हॅन घेतली. मॅचबॉक्सचा ४६ क्रमांक, सामान हलवणाऱ्या कंपनीची ही मोठी बंद गाडी, 'गाय' (Guy) या ब्रिटिश ट्रक कंपनीच्या बनावटीची. हिरवी पुष्कळ मिळते, निळी कमी. बाजूवर पांढऱ्या अक्षरांत कंपनीचं नाव. ३२०० रुपये दिले. तळ बघितला होता, रिव्हेट शाबूत, आस शाबूत, निळा रंग आतूनही निळाच. गाडी खरी होती. दुकानातल्या पिवळ्या दिव्याखाली डेकलही खरंच वाटलं.

घरी आल्यावर खिडकीशी उजेडात बसून दहापट भिंगाखाली धरली. पांढऱ्या अक्षरांभोवती निळ्याची एक चौकट दिसली. गाडीचा निळा आणि चौकटीचा निळा यांत एका चहाच्या दोन कपांत पडेल एवढाच फरक. पण चौकट सरळ कात्रीनं कापलेली, आणि तिच्या आतला निळा म्हणजे सलग रंग नव्हताच. गुलाबी, आकाशी, काळे असे शिंपडल्यासारखे ठिपके. घरच्या इंकजेट प्रिंटरला पांढरी शाई नसते. म्हणून नक्कल करणाऱ्यानं पांढऱ्याच डेकल कागदावर भोवतीचा निळा छापला होता आणि अक्षरांची जागा कोरी सोडली होती. मूळ डेकलमध्ये उलटं असतं. अक्षरंच पांढऱ्या दाट शाईनं छापलेली, सलग, आणि भोवती फक्त पारदर्शक वार्निशाची पातळ साय.

दुसरी गोष्ट त्याहून पक्की निघाली. खालच्या ओळीजवळ रंगाचा एक टवका उडाला होता, मोहरीएवढा. आत राखाडी धातू दिसत होता. आणि डेकलची कड त्या टवक्यावरून पलीकडे गेली होती, खड्ड्यावर फळी टाकावी तशी. गाडी खेळून खेळून टवका उडाला तर त्याच्यावरचं डेकलही त्याच्याबरोबर जायला हवं. टवक्याच्या वर अखंड डेकल आहे याचा अर्थ टवका आधीचा, डेकल नंतरचं. या एका खुणेला शंका-कुशंका नाही. तुम्ही बाकी काही विसरलात तरी चालेल, टवके आणि डेकल जिथे भेटतात ती जागा बघायला विसरू नका.

मी त्या विक्रेत्याला फोन केला. "मला मिळाली तशीच दिली," म्हणाला. असेलही. त्यालाही कुणी तशीच दिली असेल. पैसे परत मिळाले नाहीत. मला राग याचाच येतो की डेकल नवीन आहे एवढं सांगितलं असतं तरी मी ती गाडी घेतली असती, कमी भावात. आवडीनं दुरुस्त केलेल्या गाडीत काहीच गैर नाही. दुरुस्ती लपवणं हे गैर.

खऱ्या डेकलवर वय दिसतं. वार्निश पिवळसर पडतं. उन्हाळ्यात सुकलेल्या तळ्याच्या मातीसारख्या बारीक भेगा जातात. दारांच्या उंचवट्यावर, कडांवर ते आधी झिजतं, कारण हात तिथेच लागतो. सपाट भाग झिजलाय पण कडा कोऱ्या, असं कधी होत नाही. नव्या डेकलखाली बऱ्याचदा हवा राहते आणि तिरपं धरलं की चंदेरी झाक मारते. भिंग रविवार पेठेत सोन्या मारुती चौकाच्या आसपास, सोनारांच्या हत्यारांच्या दुकानात मिळेल. मोबाइलच्या कॅमेऱ्यानं मोठं करून बघणं भिंगाच्या तोडीचं नाही, कॅमेरा कडा स्वतःच गुळगुळीत करतो. एक कळकळीची विनंती: खात्री करायला ओला कापूस किंवा स्पिरिट लावू नका. साठ वर्षांचं खरं डेकल पाण्यानंही सुटतं. बघायचं ते डोळ्यांनी.

आता फरकांविषयी, म्हणजे एकाच मॉडेलच्या गाड्या कारखान्यातूनच वेगवेगळ्या निघाल्या त्याविषयी. डेकलचा खरा फरक म्हणजे छपाईच वेगळी: मजकूर वेगळा, ओळी वेगळ्या, रंग वेगळा. त्याच पिकफर्डस् व्हॅनवर तीन ओळींचंही डेकल मिळतं आणि दोन ओळींचंही. तीन ओळींत सगळ्या मोठ्या गावांत शाखा असल्याचं सांगणारी ओळ जास्त आहे. हा खरा फरक. लंडनच्या दुमजली बसचं बघा, क्रमांक ५. बाजूवरच्या जाहिराती बदलत गेल्या. आधी 'बाय मॅचबॉक्स सिरीज', मग रूटमास्टर या पुढच्या बसवर 'प्लेयर्स प्लीज', 'व्हिस्को स्टॅटिक', आणि 'ड्रिंक पिअरड्रॅक्स'. पिअरड्रॅक्सची बस दुर्मीळ, म्हणून सर्वांत जास्त नकला तिच्याच. पिअरड्रॅक्स समोर आली की मी आधी गृहीत धरते की डेकल नवीन आहे, आणि मग गाडीनं मला खोटं पाडावं. तसंच 'बील्स बीलसन्स'चं. त्याच गाय व्हॅनवर एका दुकानासाठी काढलेली ही बदामी रंगाची गाडी. तिची नक्कल करायला हिरवी पिकफर्डस् रंगवतात. चाकांच्या कमानीच्या आत, आसामागे टॉर्च मारा. हिरवा कुठेतरी राहून गेलेला असतो.

डेकल तिरकं बसलंय, दोन मिलिमीटर खाली सरकलंय, हा फरक नव्हे. ती कामं लेस्नीच्या लंडनमधल्या हॅकनीच्या कारखान्यात माणसांच्या हातांनी व्हायची, तासाला ढिगानं, आणि हात म्हटला की थोडं इकडेतिकडे होणारच. आमच्या लाइनवरही लेबल लावणाऱ्या बायकांचं असंच व्हायचं. लाल रंगाचा नारिंगी झालाय हाही फरक नव्हे. खिडकीत ठेवलेल्या गाडीचा लाल पुण्याच्या उन्हात दोन-तीन उन्हाळ्यांत उतरतो. सावलीतली बाजू, तळपत्र्याच्या कडेखालचा रंग बघा. तिथे लाल असेल तर ऊनच कारण. असल्या गाड्या 'दुर्मीळ शेड' म्हणून विकायला ठेवलेल्या बघून वाईट वाटतं, कारण नवी मुलं फसतात आणि छंदच सोडतात.

संग्राहकांच्या बोलण्यात कोड एक, दोन, तीन असं येतं. कोड एक म्हणजे कारखान्यातून निघाली तशी. दोन म्हणजे कंपनीच्या परवानगीनं दुसऱ्यानं बदललेली. तीन म्हणजे परवानगीशिवाय बदललेली. माझी पिकफर्डस् तिसऱ्यात बसते.

डेकल बदलणं वेगळं आणि अख्खी गाडीच नव्यानं ओतणं वेगळं. अशाही नकला असतात, मुख्यतः जुन्या डिंकीच्या (हीही इंग्लंडचीच खेळण्यातली गाडी) आणि सुरुवातीच्या मॅचबॉक्सच्या. इथे माझ्या नोकरीनं मला सर्वांत जास्त मदत केली. खऱ्या गाडीवरून रबरी साचा घेऊन त्यात धातू ओतला की तो थंड होताना आक्रसतो, म्हणून नक्कल मूळापेक्षा किंचित लहान निघते. डोळ्याला कळत नाही, व्हर्निअरला कळतं. खात्रीच्या गाडीची लांबी, दोन आसांतलं अंतर, छताची रुंदी वहीत लिहून ठेवा. तीन मापं पुरेत. मग वजन. मूळ गाडी जस्ताच्या मिश्रधातूची. नकला बऱ्याचदा शिसं-कथलाच्या मऊ धातूच्या, त्या जड लागतात. राळेच्या असतील तर हलक्या. स्वयंपाकघरातला ग्रॅमचा काटा चालतो. आणि कडा बघा. पोलादी डायमध्ये दाबानं ओतलेल्या भागावर दाराची रेघ, जाळीची पट्टी कशी धारदार उठते. रबरी साच्यातून आलेली रेघ बोथट, साबण वापरून झिजल्यासारखी. नखानंही जाणवते.

डिंकीच्या जुन्या गाड्या कारखान्यातल्या साच्यांतून नव्हे तर नव्या साच्यांतून उघडपणे पुन्हा काढल्या गेल्या आहेत, ॲटलास या कंपनीच्या, चिनी बनावटीच्या म्हणून. बघायला सुंदर आहेत, खोकंही जुन्यासारखं. नवीन म्हणून घेतली तर मजाच. पण मोकळी, थोडी मळवून, जुनी म्हणून हातात दिली जाते तेव्हा सावध राहा. लिव्हरपूलचा डिंकीचा कारखाना १९७९ सालीच बंद झाला. त्याआधीच्या गाडीचा रंग इतका एकसारखा, काचेसारखा नसतो.

युद्धापूर्वीच्या डिंकी कुणाला मिळाल्याच तर अंगावर फोड किंवा भेगा आहेत का बघा. त्या काळच्या जस्तात शिशासारखी अशुद्धता राहिली की धातू वर्षानुवर्षं आतून फुगत जातो आणि शेवटी हातात भुगा येतो. त्यावर उपाय नाही. शेजारच्या गाडीला तो लागत मात्र नाही.

आपल्याकडच्या गाड्यांना कमी लेखू नका. डिंकीचे जुने साचे भारतात आले आणि त्यांतून कोलकात्यात 'निकी टॉइज' निघाल्या. तळावरून डिंकीचं नाव घालवलेलं दिसतं. 'मॅक्सवेल'च्याही गाड्या कोलकात्याच्याच. ऐंशीच्या दशकात 'लिओ मॅटेल' नावानं हॉट व्हील्स इथे बनत होत्या. माझ्या पिढीतल्या किती घरांत माळ्यावर अजून असतील. यांचा रंग जाड, छपाई कधी अर्धीमुर्धी, म्हणून लोक त्यांनाच नकली म्हणून फेकून देतात. त्या नकली नाहीत, त्या भारतात बनलेल्या आहेत, आणि परदेशातले संग्राहक त्या शोधत असतात. जुन्या बाजारात लिओ दिसली की मी सोडत नाही.

खोक्यांविषयी थोडंच. नवा पांढरा पुठ्ठा नोटा तपासायच्या जांभळ्या टॉर्चखाली सहसा निळसर उजळतो, जुना राखाडी पुठ्ठा मंद राहतो. घडीवर जुना कागद आतून तपकिरी झालेला असतो, नवा पांढरा. खोक्यावरचं चित्र आणि आतली गाडी एकाच काळातली आहेत का हेही जुळवा.

जपणुकीत पुण्याचा पावसाळा हा मोठा भाग. जून ते सप्टेंबर माझ्या गाड्या काचेच्या कपाटात, आत सिलिका जेलच्या पुड्या, दर पंधरा दिवसांनी बदलून. प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून ठेवू नका, दमट हवा आतच कोंडते. आणि डांबरगोळ्या टाकू नका. कपड्यांच्या सवयीनं आपण त्या सगळीकडे टाकतो, पण त्यांच्या वाफेनं गाडीच्या काही प्लॅस्टिकच्या काचा मऊ पडतात. दादाच्या एका बसच्या खिडक्या अशाच धुरकट झाल्या. खोक्यांना कसर लागू नये म्हणून मी महिन्यातून एकदा ती झटकून सावलीत वारं देते, बास.

आणि नोंद ठेवा. प्रत्येक गाडीला माझ्याकडे एक पुठ्ठ्याची चिठ्ठी आहे, दोऱ्यानं आसाला बांधलेली, पेन्सिलीनं लिहिलेली: कुठे घेतली, कधी, मापं किती, काय बदललंय. तळावर पेननं लिहू नका. निळ्या पिकफर्डस्‌च्या चिठ्ठीवर लिहिलंय, 'गाडी खरी, दोन्ही बाजूंचं डेकल नवीन, डाव्या बाजूला टवक्यावरून गेलंय.' माझ्यानंतर ती ज्याच्या हातात जाईल त्याला ती चिठ्ठी गाडीबरोबरच द्यायची, असं भाच्याला सांगून ठेवलंय.